पापाची तिकटी, रात्री साडेदहा

यंत्र कंगव्याएवढंच,
टोकाला काळ्या स्पंजचं बोंड.
साहेबांनी बजावलंय,
अंगापासून हातभर लांब धरा मॅडम,
नाहीतर तुमच्यावर आपटून परत आलेलंही मोजाल.

मी अकरावीला फिजिक्स शिकवते.
फळ्यावर सोपं असतं सगळं.
हवा कुठं जात नाही, म्हणते मी.
खासबागेत मागच्या पायरीवरनं कुणी रेटतं,
रेटा उतरत उतरत खाली आखाड्याच्या कडेपर्यंत येतो,
माणसं मात्र आपापल्या जागी, टोप्या सावरत.
गेली ती ढुशी.
तिलाच आपण आवाज म्हणतो.

अंतर दुप्पट केलं की तीव्रता चौथाई,
म्हणजे सहा डेसिबल कमी. लिहून घ्या.
पण ते मोकळ्या माळावर.
इथं दोन्हीकडं तीन मजली दुकानं,
बंद शटरं, काचा, वरच्या सज्जात बायका;
जे भिंतीवर गेलं ते भिंतीनं परत केलं,
उधारी ठेवलीच नाही.
मी वीस पावलं मागं सरकले.
आकडा दीडानं उतरला फक्त.

रसाच्या गाड्यावर भरलेला ग्लास.
त्यात गोल गोल वळ्या उभ्या राहिल्यात,
हलत नाहीत, मोडतही नाहीत.
दर ठोक्याला बरगड्यांच्या आत कुणीतरी दार ढकलतंय.

एकशे चार.
काल याच वेळी इथं चौऱ्याऐंशी होते.
वीस वाढले म्हणजे ऊर्जा शंभरपट.
कान हिशेबाला कच्चा.
शंभर घागरी ओतल्या तरी म्हणतो,
चारेक झाल्या असतील.
त्यामुळंच तर आपण टिकतो.
त्यामुळंच कळतही नाही.

डॉल्बीच्या ट्रकवर प्रज्योत इंगवले. शेवटचा बाक.
चाचणीत त्यानं लिहिलं होतं,
'डेसिबल म्हणजे डॉल्बीचा आवाज'.
मी अर्धा मार्क दिला होता.
वरनं ओठांनीच विचारतोय, किती, मॅडम?
मी बोटं दाखवली. एक. मूठ. चार.
त्यानं दोन्ही हात आभाळात फेकले,
ओठ वाचता आले: नाद खुळा!
मी गुन्हा मोजत होते.
त्याला निकाल लागला.

आप्पा एकतीस वर्षं उद्यमनगरात, पॉवर प्रेसवर.
कानात कापूस घालणाऱ्याला तिथं सगळे हसायचे,
आप्पाही.
आधी गेली पातेल्यातल्या चमच्याची किणकिण.
मग शब्दांतले स आणि श.
'साखर संपली' म्हटलं की पोचतं 'आखर अंपली',
आणि ते म्हणतात, असू दे.
शून्य डेसिबल म्हणजे शांतता नव्हे, मुलांनो,
चांगला कान तिथून ऐकायला लागतो.
आप्पांचं शून्य सत्तरावर जाऊन बसलंय.
हे मी वर्गात सांगत नाही.

बाराला सगळं बंद झालं.
डोक्यात मात्र एक बारीक शिट्टी राहिली,
यंत्रात न दिसणारी.

शुक्रवार पेठेत घरी आले तर
आप्पा अंधारात भिंतीला टेकून उभे.
हातात तो जुना लांब स्क्रू ड्रायव्हर.
टोक दगडी भिंतीला, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला,
डोळे मिटलेले.
लेथचं दुखणं असंच काढायचे ते,
मिस्त्री लोक बोलवून न्यायचे.
पोलादातनं आवाज हवेच्या पंधरापट धावतो,
हा आकडा त्यांनी कधी वाचला नाही.

बाहेर गल्लीत ट्रक थांबलेला,
स्पीकर मुके, जनरेटर तेवढा सुरू.
मी विचारलं, काय ऐकताय?
पोचलं नाही.
हात लावला तेव्हा डोळे उघडले.

"त्याचं बेअरिंग गेलंय," म्हणाले, मोठ्यानं,
स्वतःचाही आवाज माहीत नसल्यासारखं.
"नदीपतोर जायाचं न्हाई. सांग जा त्या पोरास्नी."

मी यंत्र टेबलावर ठेवलं. ते अजून चालूच होतं.
खाली गेले.